संसदेत कायदा होतो कसा? भूसंपादन कायद्याच्या उदाहरणातून समजून घ्या

कालवा असो, तलाव असो की रस्ता, संपादनाची नोटीस आली की गावात दोनच प्रश्न असतात. मोबदला किती मिळणार? आणि आपल्याला विचारणार की नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहेत. हा कायदा संसदेत कसा मंजूर झाला आणि दोनच वर्षांनी त्यात बदल करायला निघालेलं विधेयक कुठे अडकलं, हे पाहिलं की लोकसभा आणि राज्यसभेचं काम सहज लक्षात येतं.

संसद म्हणजे कोण?

राज्यघटनेच्या कलम ७९ नुसार राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून संसद होते. लोकसभेत ५४३ खासदार असून ते थेट जनतेच्या मतांवर निवडून येतात. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ जागा आहेत. मुदत पाच वर्षांची, पण लोकसभा त्याआधीही विसर्जित होऊ शकते. कामकाज अध्यक्ष चालवतात. देशाच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी होते.

राज्यसभेत २४५ जागा आहेत. त्यातल्या २३३ निवडणुकीने भरतात आणि १२ सदस्य राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राच्या जागा १९. इथे आपण थेट मत देत नाही, आपले आमदार देतात. म्हणजे आमदार निवडताना राज्यसभेचा खासदार कोण होणार, हेही थोडंफार आपणच ठरवत असतो. सदस्याची मुदत सहा वर्षं. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही. सभापतीपद उपराष्ट्रपतींकडे असतं.

विधेयकाचा प्रवास

कायद्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात. सर्वसाधारण विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येतं. प्रत्येक सभागृहात त्याची तीन वाचनं होतात.

पहिलं वाचन म्हणजे विधेयक मांडणं. दुसऱ्या वाचनात खरी चर्चा होते, एकेका कलमावर मत घेतलं जातं आणि दुरुस्त्या सुचवल्या जातात. याच काळात विधेयक समितीकडेही पाठवता येतं. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयकावर मतदान होतं. बहुतेकदा आवाजी मतदानावर भागतं. सदस्यांनी मागणी केली तर मतविभाजन होतं आणि कोणी कुठे मत दिलं याची नोंद राहते.

एका सभागृहाची मंजुरी मिळाली की दुसऱ्या सभागृहात पुन्हा हीच वाट. त्यानंतर राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी. राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण संसदेने ते पुन्हा मंजूर केलं तर त्यांना संमती द्यावीच लागते.

२०१३ मध्ये काय झालं?

त्याआधी जमीन घेतली जायची ती १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने. नवं विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि ग्रामविकासविषयक स्थायी समितीकडे गेलं. समितीच्या अध्यक्ष होत्या मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन. पुढे २९ ऑगस्ट २०१३ रोजी लोकसभेने आणि ४ सप्टेंबरला राज्यसभेने मंजुरी दिली. १ जानेवारी २०१४ पासून कायदा लागू झाला.

खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, या त्यातल्या मुख्य तरतुदी.

मग अडकलं कुठे?

३१ डिसेंबर २०१४ रोजी केंद्राने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि सामाजिक परिणाम अभ्यासातून सूट देण्याची वाट मोकळी केली. वटहुकूम म्हणजे तात्पुरता कायदा. संसद भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो.

दुरुस्ती विधेयक मार्च २०१५ मध्ये लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत मात्र सरकारकडे बहुमत नव्हतं. विषय दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेला, वटहुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि अखेर ३१ ऑगस्ट २०१५ रोजी त्याची मुदत संपू दिली गेली. संमतीची अट केंद्रीय कायद्यात कायम राहिली, ती दुसरं सभागृह होतं म्हणूनच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. भूसंपादन हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला केंद्रीय कायद्यापेक्षा वेगळी तरतूदही करता येते. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये अशी दुरुस्ती केली. त्यामुळे नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे आधी वाचावं.

दोन्ही सभागृहांचं पटलं नाही तर?

राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे लोकसभेचं संख्याबळ जास्त असल्याने तिचं पारडं जड असतं. आजवर तीनच कायदे या वाटेने झाले. १९६१ चा हुंडाबंदी कायदा त्यातलाच एक.

धन विधेयकाचं वेगळं आहे. ते फक्त लोकसभेतच मांडता येतं. राज्यसभेला १४ दिवसांत शिफारशी करता येतात, त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. घटनादुरुस्तीसाठी मात्र दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे विशेष बहुमत लागतं, तिथे संयुक्त बैठक चालत नाही.

आपण कधी बोलायचं?

२०२० चे तीन कृषी कायदे संसदीय समितीकडे न जाताच मंजूर झाले. वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी ते रद्द केले. समितीचा टप्पा का महत्त्वाचा, हे यावरून कळतं. समित्या अनेकदा जाहिरात देऊन लोकांकडून आणि संघटनांकडून लेखी सूचना मागवतात. गावातली शेतकरी संघटना किंवा एखादा शेतकरीही त्या पाठवू शकतो. विधेयकांचा मसुदा संसदेच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतो. विधेयक समितीत आहे तोवर शब्द बदलायला वाव असतो. राजपत्रात छापून आल्यावर मात्र कोर्टाची पायरी चढायची किंवा नव्या विधेयकाची वाट पाहायची, एवढंच हातात राहतं.