पडद्यावरचा उजेड

परभणी जिल्ह्यातील चित्रपट-व्यवसायाची बखर कोणी लिहावयास बसला, तर त्याला नटनट्यांपेक्षा दिव्यांविषयीच अधिक लिहावे लागेल. कारण चित्रे निर्माण झाली ती मुंबई, कोल्हापूर आणि पुणे येथे, आणि या गोदाकाठच्या काळ्या मातीच्या मुलखाच्या वाट्याला आले ते ती चित्रे पुरेशा उजेडात आणि शक्य तितक्या खऱ्या रंगात लोकांपुढे मांडण्याचे काम. हे काम दुय्यम समजण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे मत निराळे आहे. जेथे खेडोपाडी वीज नव्हती आणि यंत्राचा एखादा मोडका भागसुद्धा दीडशे कोसांवरून मागवावा लागे, तेथे मोठा दिवा आणणे कोणाच्याच हाती नसल्यामुळे, असलेला उजेड वाटेत कोठे सांडतो हे हेरून तो सांडू न देण्याची जी विद्या या धंद्यातील लोकांनी कमावली, ती अवर्षणाच्या प्रदेशातील माणसाने घागरीतले पाणी जपावे तशी होती.

१९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या अंमलाखाली होता. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, सरकारी दप्तर उर्दूत चाले, व्यवहार हाली सिक्क्यात होत आणि ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावर करोडगिरी खात्याची जकात बसे. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला तेव्हा सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही ठाणी मुंबईच्या आवाक्यात आली खरी. पण मुंबईची गाडी रुंद रुळांवरची आणि इकडची मीटरगेज, त्यामुळे मनमाडला प्रत्येक पेटी उतरवून पुन्हा चढवावी लागे. काचेची भिंगे आणि ठिसूळ कार्बनकांड्या ज्या धंद्याचा प्राण, त्या धंद्याला ही अदलाबदल किती जाचली असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

चलच्चित्राच्या आधी कंदील होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांच्या साह्याने १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील चित्रांचे प्रयोग सुरू केले, आणि पौराणिक कथांतील प्रसंग निवेदनाच्या साथीने पडद्यावर हलते-बोलते केल्याचा भास निर्माण केला. या काचचित्रांत रंगाचे जे मर्म होते ते पुढील सर्व यंत्रांना लागू पडणारे आहे. कागदावर जो रंग झळाळतो तो काचेवर चालत नाही. काचेवरचा रंग पारदर्शक असावा लागतो, नाहीतर पडद्यावर पीतांबराऐवजी पीतांबराची सावली उमटते. शिवाय घासलेटची ज्योत स्वभावतःच पिवळी, तिच्यात निळ्या किरणांचे दारिद्र्य असते. त्यामुळे तांबडे आणि केशरी रंग खुलतात, परंतु ज्याची सर्वांना ओढ तो घननीळच काळवंडतो. रंग बिघडला म्हणून चित्रकाराला बोल लावण्यापूर्वी दिव्याकडे पाहावे, हा धडा येथे प्रथम मिळतो.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, आणि त्यानंतरच्या काळात तंबू, यंत्र आणि पडदा गाडीत घालून गावोगाव हिंडणारा फिरता सिनेमा महाराष्ट्रभर रुजला. रंगाचा ध्यास तर बोलपटाच्या पाठोपाठ आला. प्रभात कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला, त्याच्या प्रती जर्मनीत छापून आणल्या, आणि एवढ्या खटाटोपानंतर पडद्यावर जे रंग उमटले त्यांनी निर्मात्यांचेही समाधान झाले नाही. प्रभातसारख्या मातबर संस्थेची ही कथा. मग तंबूवाल्याची काय मात्रा चालणार, असे कोणी म्हणेल. पण तंबूवाल्याच्या हाती एक गोष्ट होती जी प्रभातच्या हाती नव्हती: शेवटचा दिवा त्याचा होता.

हा दिवा म्हणजे कार्बनचा आर्क. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनकांड्या एकमेकींना क्षणभर टेकवून बोटाच्या पेरापेक्षाही कमी अंतरावर धरल्या की त्यांच्यामधून वीज उडी घेते, धन कांडीच्या टोकाशी एक तप्त खळगा तयार होतो आणि साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेल्या त्या खळग्यातून जो शुभ्र प्रकाश बाहेर पडतो तो मागच्या अंतर्वक्र आरशावर आपटून फिल्मच्या टीचभर चौकटीवर एकवटतो. याला एकदिश प्रवाह लागतो, म्हणून इंजिनावर चालणारा डायनॅमो किंवा रेक्टिफायर बरोबर बाळगावा लागे. कांड्या जळत जातात आणि अंतर वाढते. अंतर वाढले की ज्योत जांभळट होऊन फडफडू लागते, खळगा आरशाच्या नाभीवरून सरकला की पडद्याचा एक कोपरा तपकिरी दिसू लागतो. ऑपरेटर काळसर काचेतून ज्योतीवर डोळा ठेवून दर मिनिटा-दोन मिनिटाला कळ फिरवीत बसे. प्रेक्षकाला नायिकेचा मुखडा दिसे. या माणसाला रात्रभर फक्त तो खळगा दिसे. उत्तम ऑपरेटर कोणता, तर ज्याच्या खेळात दिव्याची आठवणच कोणाला होत नाही, अशी माझी व्याख्या आहे.

आर्कचा प्रकाश दिवसाच्या उजेडाच्या जवळचा असल्यामुळे निळ्याला न्याय मिळाला. परंतु वाटेतील गळती मोठी होती. बोलपटाची सेकंदाला २४ चित्रे सरकतात आणि लुकलुक जाणवू नये म्हणून यंत्राचे पाते प्रत्येक चित्रावर दोनदा आडवे येते. या एका पात्यातच जवळजवळ निम्मा प्रकाश खर्ची पडतो. भिंगावर बसलेली धूळ आणखी खाते, आणि परभणीच्या काळ्या मातीची धूळ ही काय चीज आहे हे उन्हाळ्यात सुक्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आरशावरील काजळी न पुसता मोठे कार्बन जाळणारा मालक आणि रोज मऊ फडक्याने आरसा पुसणारा मालक यांच्या हिशेबाच्या वह्यांत वर्षअखेर फरक पडल्यावाचून राहत नसेल. भूमितीचा नियम तर त्याहून निष्ठुर: पडद्याची रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते आणि तोच उजेड चतुर्थांश पडतो. तरीही मोठ्या पडद्याच्या जाहिरातीने गर्दी खेचावयाची आणि मग अंधूक चित्रावर शिट्ट्या ऐकावयाच्या, हा लोभ फारच थोड्यांना आवरला.

आता अंधाराचा विचार करू, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उपेक्षित अंग तेच आहे. कोणतेही यंत्र पडद्यावर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे उजेड न पडलेले कापड, आणि ते कापड जितके खरोखर अंधारात असेल तितकाच काळा काळा दिसतो. त्या काळ्याच्या शेजारीच तांबडा तांबडा आणि हिरवा हिरवा ठरतो. पडद्याभोवती काळ्या कापडाची रुंद किनार लावतात ती याच कारणाने. म्हणून जत्रेत तंबूची जागा निवडणे हा निम्मा खेळ होता. शेजारच्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस, म्हणजे अमावास्येच्या तोंडाशी भरते. तेथे आकाशच अनुकूल. परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस मात्र फेब्रुवारीच्या आरंभी इंग्रजी तारखेप्रमाणे भरतो, त्यामुळे चंद्र दर वर्षी निराळ्या तिथीला गाठ घालतो. पौर्णिमेचे चांदणे जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असते. आर्कच्या लख्ख दृश्याला ते जाणवत नाही, पण विरळ कापडाच्या तंबूत ते झिरपले की चित्रातील रात्रीच्या प्रसंगांवर राखी छटा चढते. चांदण्यापेक्षा मोठा वैरी शेजारचा मिठाईवाला. त्याची गॅसबत्ती कनातीच्या फटीतून आत डोकावू लागली की तंबूच्या मालकाने एक जादा ताडपत्री बांधावी किंवा मिठाईवाल्याशी सलोखा करावा. दोन्हींतून दुसरा उपाय स्वस्त आणि अधिक गोड.

पडद्याच्या बाबतीत प्रत्येकाचे शास्त्र वेगळे. पांढरे जाड कापड बसलेल्या सर्वांना सारखाच उजेड देते. त्यावर चंदेरी रंग चढवला की समोरच्यांना चित्र अधिक तेजस्वी दिसते, पण कडेला बसलेल्यांच्या वाट्याचा उजेड काढूनच हे दान केलेले असते. लहान गावातील भिंतीला चुना लावताना त्यात चिमूटभर नीळ घालण्याची घरगुती युक्ती पडद्यालाही लागू पडते: नीळ पिवळेपणा शोषून घेते, भिंत डोळ्यांना अधिक शुभ्र भासते, जरी मोजमापाने परतणारा एकूण प्रकाश किंचित कमीच होतो. चिमूट मुठीवर गेली की मात्र नायकाचा चेहरा आजारी दिसू लागतो.

या धंद्याच्या कडेकडेने पोरांचा एक धंदा चाले, आणि तो मला मोठ्यांच्या धंद्याइतकाच विचारणीय वाटतो. तुटलेल्या रिळाचे कापून टाकलेले तुकडे गोळा करावयाचे. फ्यूज झालेल्या बल्बचे बूड अलगद फोडून, आतली तार काढून, त्यात पाणी भरून भिंग बनवावयाचे. माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर आजोबांचे धोतर टांगावयाचे. आणि एका सवंगड्याने बाहेर अंगणात आरसा धरून उन्हाचा कवडसा खिडकीच्या भोकातून नेमका फिल्मवर पाडावयाचा. फिल्म उलटी धरावी लागते, कारण भिंग चित्र उलटे करते. सूर्य थांबत नाही, म्हणून आरसा क्षणोक्षणी वळवावा लागतो. आर्कची कळ फिरवणाऱ्या ऑपरेटरचीच ही उमेदवारी. आणि उजेडाचा हिशेब करून पाहिला तर चकित व्हावे लागते. भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात. फिल्मची चौकट साधारण साडेतीन चौरस सेंटिमीटर. म्हणजे तिच्यावर सुमारे ३५ ल्यूमेन प्रकाश पडतो. फिल्म आणि भिंग यांनी निम्म्याहून अधिक गिळला असे धरले तरी हातरुमालाएवढ्या पडद्यावर उरणारी प्रखरता चांगल्या चित्रगृहाच्या तोलाची भरते. शिवाय ऊन शुभ्र, तेव्हा रंग जसेच्या तसे. एका पैचा खर्च न करता पोरांना जे साधले त्याचे रहस्य एवढेच, की त्यांचा दिवा जगातील सर्वोत्तम होता आणि पडदा मोठा करण्याचा मोह परिस्थितीनेच त्यांना होऊ दिला नव्हता.

रंगीत चित्रपटांचा सुळसुळाट झाल्यावर नवी आपत्ती आली. त्या काळच्या रंगीत प्रतींतील निळसर-हिरवा द्रव्यरंग कालांतराने उडून जाई आणि सारे चित्र गुलाबी पडे. छोट्या गावांकडे प्रती येत त्या मोठ्या शहरांतून झिजून. तेव्हा तंबूत बसलेल्या पिढीच्या स्मरणातील आकाश बहुधा किरमिजी असावे. या रोगावर दिव्याजवळ औषध नाही. विजेच्या तारा गावात आल्या तेव्हाही सुख निर्भेळ नव्हते: तारेच्या बल्बवर चालणाऱ्या १६ मिलिमीटरच्या यंत्राला दिला जाणारा दाब दशांशाने घसरला की उजेड सुमारे तीन दशांशांनी घसरतो, आणि उरतो तोही पिवळा. संध्याकाळी शेतीपंपांच्या भाराने विजेचा दाब कसा बसतो हे मराठवाड्यात सांगावयास नको. पुढे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, मागोमाग व्हिडिओ आला, आणि तंबूंची संख्या रोडावली.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमाची अखेरची वर्षे चित्रित झाली आहेत. त्यातील यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने आयुष्यभराच्या अनुभवातून स्वतःच्या कल्पनेचे प्रक्षेपक यंत्र घडवले होते; चित्रपट फिल्मवरून चकतीवर गेला आणि ते यंत्र गिऱ्हाइकाविना राहिले.

घरी यंत्र घडवण्याची हौस मात्र सरली नाही. आता ती मोडक्या संगणकाच्या पडद्यातील काचपटल, शंभर वॅटचा एलईडी, खाचांचे सपाट भिंग आणि प्लायवूडची पेटी यांच्यावर भागते, आणि जुनेच प्रश्न नव्या नावांनी समोर येतात. ते काचपटल आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सासुद्धा पलीकडे जाऊ देत नाही. निम्मा त्याच्या ध्रुवक थरातच जिरतो आणि उरलेल्याचा मोठा भाग रंगांच्या गाळण्या अडवतात. दिव्यावर आठ-दहा हजार ल्यूमेन छापलेले असतात, भिंतीवर काही शेच पोचतात. स्वस्त एलईडीत तांबड्या किरणांची तूट असते, म्हणून चेहरे फिकट आणि साड्या विटलेल्या दिसतात. अशा वेळी यंत्रातील रंगाचा काटा तांबड्याकडे रेटणे म्हणजे हिरवा आणि निळा छाटून एकूण उजेडच घटवणे. त्यापेक्षा तांबडा भरपूर असलेला चांगल्या प्रतीचा एलईडी घ्यावा, भिंग त्याच्याजवळ नेऊन कडेला जाणारे किरण गोळा करावेत आणि चित्राची रुंदी सहा फुटांवरून चारवर आणावी, म्हणजे तोच दिवा सव्वादोन पट प्रखर होतो.

राहिली उष्णता. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो, आणि जो प्रकाश पटलाने अडवला तो सारा पेटीत उष्णतेच्या रूपाने साचतो. पटलातील द्रवस्फटिक एका मर्यादेपलीकडे तापला की आपला धर्म सोडतो आणि चित्राच्या मधोमध काळा डाग पसरू लागतो. यंत्र थंड झाले की तो आपोआप नाहीसा होतो. त्यावर उपाय म्हणून पेटीला पंखा बसवतात, मग दुसरा बसवतात, आणि दोन पंख्यांच्या घरघरीत संवाद ऐकू येईनासे झाले की लांब तार ओढून ध्वनिक्षेपक पडद्याखाली नेऊन ठेवतात. तंबूवाल्याने आपले इंजिन कनातीपासून दूर उभे केले होते ते याच हेतूने. फक्त त्याच्याजवळ मैदान होते, आणि घरच्या कारागिराजवळ बारा बाय दहाची खोली आहे.