एकाच पडद्यावर आठ सामने: ‘रेडझोन’ चॅनेल नेमकं चालतं कसं?

अमेरिकेत हंगाम सुरू झाला की रविवारी दुपारी एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे अनेक सामने एकाच वेळी चालतात. मग बघायचा कोणता? त्यासाठी २००९ मध्ये ‘एनएफएल रेडझोन’ हे चॅनेल सुरू झालं.

गोलरेषेआधीच्या शेवटच्या २० यार्डांना ‘रेड झोन’ म्हणतात. एखादा संघ चेंडू घेऊन तिथे पोहोचला की गुण मिळण्याची शक्यता वाढते आणि चॅनेल लगेच त्या सामन्याकडे वळतं. निवेदक स्कॉट हॅन्सन सुमारे सात तास स्टुडिओतून ही धावपळ सांभाळतात. कधी पडद्याचे आठ भाग करून आठ सामने एकदम दाखवतात. त्याला ‘ऑक्टोबॉक्स’ म्हणतात.

फँटसी लीग खेळणाऱ्यांना हे फार सोयीचं, कारण त्यांनी निवडलेले खेळाडू वेगवेगळ्या संघांत असतात. पण इथे गुण दिसतो, त्यामागची डावपेचांची बांधणी मात्र निसटते. शिवाय ‘सात तास, एकही जाहिरात नाही’ ही या चॅनेलची मोठी ओळख होती. २०२५ च्या हंगामापासून तिथेही जाहिराती आल्या आणि अनेक चाहते नाराज झाले.