कॅप्टन कूस्तोची दोन चरित्रे

साहसी पुरुषाचे चरित्र लिहिताना नायकाच्या पूर्वायुष्यातील अडचणीच्या गोष्टी झाकून ठेवण्याकडे चरित्रकाराचा कल बहुधा असतो. ज्याने त्या गोष्टी स्वतःच चित्रित करून जगापुढे मांडल्या, त्याच्या बाबतीत मात्र ही सोय राहत नाही. फ्रान्सचा विख्यात समुद्रसंशोधक व बोधपटकार जाक-ईव्ह कूस्तो हा अशा विरळा पुरुषांपैकी होय. ज्या चित्रपटाने त्याला जगन्मान्य केले, तोच त्याच्याविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावाही आहे. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कूस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दोजवळच्या एका लहान गावी झाला. वैमानिक होण्याची उमेद धरून तो फ्रेंच नौदलात शिरला. परंतु १९३६ साली मोटारीच्या अपघातात त्याचे हात जायबंदी झाले आणि तो मार्ग कायमचा खुंटला. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून तो तूलाँ बंदरानजीक समुद्रात पोहू लागला. तेथे फिलिप तायये ह्या सहकारी अधिकाऱ्याने दिलेला पाणचष्मा लावून त्याने पाण्याखालची सृष्टी प्रथमच स्पष्ट पाहिली. चित्रपट काढण्याचा नाद त्याला मुलपणापासून होताच. आता त्या नादास विषय सापडला.

अडचण होती ती श्वासाची. त्या काळचे पाणबुडे बहुधा जड शिरस्त्राण घालून उतरत व वरून येणाऱ्या हवेच्या नळीला जखडलेले असत. अशा मनुष्याने माशामागे जाऊन चित्रण कसे करावे? दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो, म्हणून फुफ्फुसांस मिळणारी हवाही तितक्याच दाबाची असावी लागते. महायुद्धामुळे फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मिळ झाले होते आणि मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमिल गान्यां ह्या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. तिच्यात फेरफार करून ह्या दोघांनी १९४३ साली असे यंत्र सिद्ध केले की, बुडी मारणाऱ्याने श्वास घेताच भोवतालच्या दाबाची हवा त्यास आपोआप मिळावी. मनुष्य नळीच्या बंधनातून सुटला आणि त्याच्याबरोबर कॅमेराही सुटला. आज मालवणास सिंधुदुर्गानजीक हौशी लोक पाठीवर नळकांडे बांधून प्रवाळ पाहावयास उतरतात, ते ह्याच यंत्राच्या वंशजाच्या आधाराने.

पुढे १९५० साली त्याला ‘कॅलिप्सो’ हे जहाज लाभले. हे पूर्वी सुरुंग काढणारे लाकडी लढाऊ जहाज होते; एका धनिकाने ते विकत घेऊन नाममात्र भाड्याने कूस्तोच्या हवाली केले. ह्याच जहाजावरील सफरींतून त्याने लुई माल ह्या तरुण दिग्दर्शकासह ‘निःशब्द जग’ हा रंगीत चित्रपट तयार केला. त्यास १९५६ साली कान येथील सर्वोच्च पारितोषिक व पुढे अमेरिकेचे ऑस्कर मिळाले. पुस्तकांत वाचूनही डोळ्यांपुढे न येणारे सागरतळाचे रंग सामान्य माणसाने ह्या चित्रपटात पाहिले.

परंतु तो आज पुन्हा पाहणारास मध्येच दचकावे लागते. माशांची गणती करण्यासाठी प्रवाळाच्या खडकात सुरुंग उडविला जातो. जहाजाच्या पंख्याने व्हेलचे पिल्लू घायाळ होते. त्यास गोळी घालतात, आणि ते खावयास जमलेल्या शार्कांना खलाशी वर ओढून सूडबुद्धीने ठेचून मारतात. आणि हे चोरून टिपलेले नव्हे. कौतुकाने दाखविलेले आहे!

ह्या क्रौर्याचा उगम कूस्तोच्या एकट्याच्या स्वभावात शोधणे योग्य होणार नाही. समुद्र अक्षय आहे व तो मनुष्याने हस्तगत करावयाचा आहे, ही त्या पिढीची श्रद्धा होती. कूस्तोनेही १९५४ साली इराणी आखातात एका ब्रिटिश तेलकंपनीसाठी समुद्रतळाची पाहणी केली. १९६२, १९६३ व १९६५ साली त्याने पाण्याखाली घरे उभारून माणसे राहविली; शेवटच्या खेपेस सहा जण सुमारे शंभर मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. १९५४ साली फ्रान्सने इंडोचायना गमावला आणि १९६२ साली अल्जीरिया. जमिनीवरील वसाहती हातच्या जात असता सागरतळी वसाहतीची स्वप्ने पडावीत, हे इतिहासाच्या अभ्यासकास अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

ह्याच माणसाचे दुसरे चरित्र मात्र निराळे आहे. १९६० साली किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत फ्रेंच अणुशक्ती खात्याने केला, तेव्हा त्याच्या विरोधकांत कूस्तो पुढे होता; तो बेत सोडून द्यावा लागला. १९६८ पासून त्याच्या दूरचित्रवाणीवरील मालिकेने घराघरांत समुद्र नेला. १९७३ साली त्याने सागररक्षणार्थ संस्था स्थापिली. अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये म्हणून त्याने लाखो सह्या गोळा केल्या. त्यास बंदी घालणारा करार १९९१ साली झाला. २५ जून १९९७ रोजी तो वारला, तेव्हा जग त्यास समुद्राचा कैवारी म्हणून ओळखत होते.

तो शास्त्रज्ञ नव्हता, त्याच्या चित्रपटांतील काही प्रसंग रचलेले होते, असे आक्षेप घेतले जातात, आणि ते निराधार नाहीत. तथापि पहिल्या चरित्राने दुसरे खोटे ठरते असे मानणे म्हणजे मनुष्याचे मत बदलू शकते हेच नाकारणे होय. उलट दुसऱ्याच्या पुण्याईने पहिले पुसून टाकणे हाही इतिहासाशी अपराध आहे. समुद्र न पाहिलेल्यास त्याची कणव येणे कठीण. पण नुसत्या पाहण्याने कणव येतेच असेही नाही. सुरुंग उडविणारे डोळेही पाहतच होते. पाहण्यापासून जपण्यापर्यंत पोहोचावयास कूस्तोसारख्यालाही वर्षे लागली. ‘निःशब्द जग’मधील ते प्रसंग म्हणूनच कापून टाकू नयेत, ते अंतर किती होते, हे मोजण्याचे तेच एक विश्वसनीय माप आहे.