मेंदूची गंभीर इजा, बालवयातील (वसई-विरार)

डोक्याला मार बसल्याने, जन्मताना गुदमरल्याने, पाण्यात बुडाल्याने किंवा मेंदूज्वराने मुलाच्या मेंदूला होणारी मोठी हानी. मूल किती शुद्धीवर आहे हे १९७४ पासून ग्लासगो कोमा श्रेणीने मोजतात. ३ ते १५ पैकी ८ किंवा त्याहून कमी गुण पडले तर इजा गंभीर. तान्ह्याला बोलता येत नाही. नखाच्या मुळाशी दाबल्यावर ते रडते, कण्हते की गप्प राहते, यावर त्याचे बोलण्याचे गुण ठरतात.

पहिल्या आघाताने मेंदूचा जो भाग मेला तो परत मिळत नाही. पुढच्या तासांत मेंदू सुजतो, प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब उतरतो. ही दुसरी हानी मात्र बरीचशी रोखता येते. म्हणून वसई-विरारमध्ये अंतराचा प्रश्न सर्वांत आधी येतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग शहराच्या पूर्व अंगाने जातो, पण मुंबईत परळला असलेली केईएम रुग्णालय (१९२६) आणि वाडिया बालरुग्णालय (१९२९) वसईच्या खाडीपलीकडे आहेत. अशा मुलाला घाईने थेट मुंबईला पळवणे धोक्याचे. आधी जवळच्या रुग्णालयात श्वासमार्ग मोकळा करून, प्राणवायू लावून, मान स्थिर करूनच पुढे हलवावे. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, तो याचसाठी.

अशा इजेवरच्या उपचारांच्या संशोधनात मुंबईच्या शीव रुग्णालयाचा वाटा मोलाचा आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस ३३.५ अंशांवर थंड ठेवण्याची रीत श्रीमंत देशांत रुळलेली होती. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ७ रुग्णालयांनी, त्यांत शीवही होते, ४०८ बाळांवर ती पारखली. ‘हेलिक्स’ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के बाळे दगावली, इतरांपैकी ३१ टक्के. परदेशी उपचार इथल्या बाळांवर तपासल्याशिवाय सरसकट लागू करू नये, याला याहून ठोस पुरावा नको.

जीव वाचल्यावर वर्षानुवर्षांची फिजिओथेरपी, वाचा-उपचार सुरू होतात आणि कुटुंबे इथेच थकतात. वाढते वजनदार मूल कडेवर घेऊन विरार लोकलने हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत (१९५५) दर आठवड्याला जाणे रोजंदारीवरच्या आईला परवडत नाही. हे उपचार तालुक्यातच मिळायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) जिल्हा पातळीवर लवकर-हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. मेंदूचा पक्षाघात असलेल्यांना ‘निरामय’ विम्यातून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो.

काही परिणाम उशिरा दिसतात. दोन वर्षांचे असताना पडलेले मूल तिसरी-चौथीत गणितात, लक्ष देण्यात मागे पडते आणि त्याला आळशी ठरवले जाते. म्हणून रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे, शाळेत दाखवावे.