गोली पुढे धावतो तेव्हा

शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला की गोलरक्षकाने आपला गोल वाऱ्यावर सोडून समोरच्या पेनल्टी क्षेत्रात धावत जायचं, हे आता रुळलं आहे. लोक त्याला धाडस म्हणतात. मला तो हिशेब वाटतो.

कॉर्नर किक इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांत आली १८७२ साली. गोलीने तिच्यात घुसण्याची ओळख जगाला मुख्यतः पीटर श्मायकेलने करून दिली. सप्टेंबर १९९५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर रोटर वोल्गोग्राड २-१ ने पुढे असताना त्याने हेडरवर बरोबरी साधली. तरी मँचेस्टर युनायटेड बाहेरच पडलं, कारण परक्या मैदानावरच्या गोलांना तेव्हा जास्त मोल होतं.

खरा पुरावा २६ मे १९९९ चा, बार्सिलोनाचा. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-० ने पुढे. भरपाई वेळेत युनायटेडला कॉर्नर मिळाला आणि कर्णधार श्मायकेल पुढे गेला. हरायचंच असेल तर ०-१ काय नि ०-२ काय! त्या धिप्पाड माणसाने गोंधळ उडवला, बायर्नला चेंडू धड बाहेर काढता आला नाही, गिग्जचा फटका शेरिंगहॅमने आत वळवला. पाठोपाठ दुसरा कॉर्नर. या वेळी श्मायकेल जागचा हलला नाही. १-१ झाल्यावर गमावण्यासारखं बरंच होतं. सोल्सकायरने विजयी गोल केला तेव्हा श्मायकेलने कोलांटी मारली ती स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात.

मात्र फलकावरचा आकडा नेहमी पुरेसा नसतो. त्याच महिन्यात, ८ मे रोजी, कार्लाइल युनायटेडची प्लिमथशी १-१ अशी बरोबरी होती. पण बरोबरी म्हणजे फुटबॉल लीगमधून हकालपट्टी. उसना आणलेला गोली जिमी ग्लास पुढे धावला, कॉर्नरवर गोल केला आणि क्लब वाचला. २०२१ मध्ये वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध लिव्हरपूलच्या अ‍ॅलिसननेही १-१ वरच डोकं लावलं. पहिल्या चारांत येण्यासाठी एक गुण अपुरा वाटत होता. गंमत म्हणजे १९९२ च्या बॅकपास नियमाने गोलींना पायाने खेळायला शिकवलं, आणि श्मायकेल व अ‍ॅलिसनच्या कामी आलं ते डोकं.

हिशेब फसतोही. २०१८ च्या विश्वचषकात कझानला ०-१ ने मागे पडलेल्या जर्मनीचा नॉयर पार पुढे गेला, चेंडू गमावून बसला आणि सोन ह्युंग-मिनने रिकाम्या जाळ्यात दुसरा गोल टाकला. जर्मनी तसंही बाहेरच पडत होतं.

आघाडीवरच्या संघाचं गणित नेमकं उलटं. त्यांना कॉर्नर मिळाला की चेंडू झेंड्याजवळ दाबून धरायचा, आणि त्यांच्या गोलीने चेंडू कवटाळून सेकंद खायचे. २०२५ पासून यातल्या दुसऱ्या युक्तीला चाप बसला आहे. आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरला, तर पंच प्रतिस्पर्ध्याला देतो तो कॉर्नरच.