पाळी गेल्यानंतरचे एक दुखणे

कामगार संघटनेच्या माणसाने हा विषय कशासाठी घ्यावा, असे काही स्नेह्यांनी आम्हांस विचारले. पगार, बोनस, ठेकेदारी हे आमचे विषय. बायकांची पाळी आणि पाळी गेल्यानंतरचे त्रास हा डॉक्टरांचा प्रांत. यावर आमचे म्हणणे असे की, नोंदवहीत न आलेली तक्रार अस्तित्वातच नाही असे धरून चालण्याची मालकलोकांची रीत आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत, आणि वैद्यकाच्या इतिहासात तीच रीत या एका दुखण्याच्या बाबतीत आम्हांस दिसली. शिवाय मराठी श्रोत्यांनी या विषयाला बिचकण्याचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, त्यापायी खटले सोसले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. एवढे झाल्यावर आपण लाजत बसावे हे बरे नव्हे.

दुखणे असे आहे. पाळी कायमची जाते तेव्हा अंडाशयातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक जवळजवळ आटते. योनिमार्गाचे अस्तर याच संप्रेरकावर पोसलेले असते. ते मिळत असते तोवर अस्तर जाड, ओलसर व लवचिक राहते. त्याच्या पेशींत एक प्रकारच्या साखरेचा साठा असतो. त्यावर काही उपकारक जंतू जगतात व आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. या उपकारक जंतूंचे वर्णन जर्मन वैद्य डोडरलाइन यांनी 1892 सालीच करून ठेवले होते. संप्रेरक आटले की अस्तर पातळ व कोरडे पडते. मग समागमाच्या वेळी आग होते, बारीक चिरा पडतात, कधी रक्त येते; लघवीची जळजळ पाठ सोडीत नाही. अंगातून वाफा निघणे, घाम फुटणे हे त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरतात. हे दुखणे मात्र उपचारावाचून सहसा बरे होत नाही, उलट वाढत जाते. बाई म्हणते दुखते. नवरा म्हणतो मन उडाले. पुष्कळ घरांतील अबोल्याचे, आणि काही घरांतील मारहाणीचेही, मूळ एवढ्यात असते.

आता नवल पाहा. हे संप्रेरक सापडले तेच मुळी या अस्तराच्या साक्षीने. 1917 साली न्यूयॉर्कमध्ये स्टॉकार्ड आणि पपानिकोलाऊ यांनी गिनीपिगच्या योनिमार्गातील पेशी काचेवर घेऊन दाखविले की, अंडाशयाच्या फेऱ्याबरोबर या पेशीही बदलतात. पुढे पपानिकोलाऊंनी हेच स्त्रियांत तपासावयास घेतले, तेव्हा त्यांची पत्नी आंद्रोमाखी वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने देत राहिली. शास्त्राच्या इतिहासात तिचे नाव तळटीपेपुरते उरले. 1923 साली सेंट लुई येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातील द्रव काढला आणि अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांना टोचला. द्रवात संप्रेरक आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? योनिमार्गाच्या पेशी पालटल्या की आहे, न पालटल्या तर नाही. हाच त्यांचा तराजू. या तराजूवर तोलत तोलत 1929 मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, शुद्ध संप्रेरक हाती आणले. म्हणजे संप्रेरकाने हे अस्तर पुन्हा भरते, हे ज्ञान पहिल्या दिवसापासून होते. किंबहुना पहिले ज्ञान तेच.

पण व्यापार वेगळ्या मालाचा झाला. 1942 मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या संप्रेरकाच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या. 1966 साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून, गोळी घ्या आणि कायम तरुण राहा, असा पुकारा केला; त्याच्या कामाला औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघडकीस आले. जिला नेमके एका जागी दुखत होते तिला तारुण्य विकले गेले. 1975 मध्ये नुसते इस्ट्रोजेन पोटात घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचे प्रसिद्ध झाले. मग जोडीला दुसरे संप्रेरक देऊ लागले. त्या जोडगोळीची परीक्षा 16,608 अमेरिकन स्त्रियांवर चालू असता, स्तनांचा कर्करोग आणि हृदयविकार वाढल्याचे दिसून जुलै 2002 मध्ये ती मध्येच थांबवावी लागली.

यानंतर जे घडले ते आम्हांस अन्यायाचे वाटते. 2003 मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने इस्ट्रोजेन असलेल्या एकूण एक औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापावयास लावला; त्यात योनिमार्गात लावावयाची मलमे व बारीक गोळ्याही आल्या. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या खात्याला मेमो द्यावा तसे झाले. हिशेब करू. पोटात घ्यावयाची ती गोळी 0.625 मिलिग्रॅमची, रोज एक. वर्षाचे 228 मिलिग्रॅम. योनिमार्गात ठेवावयाची गोळी 10 मायक्रोग्रॅमची, पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. पहिल्या वर्षाचे मिळून साधारण 1.14 मिलिग्रॅम. दोन्हींतील द्रव्य अगदी एक नव्हे, तरीही अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. शिवाय ही गोळी जागच्या जागी काम करते आणि रक्तात फारच थोडी उतरते. पण बाई औषध घरी नेई, कागद उघडी, त्यावर कर्करोग, हृदयविकार, बुद्धिभ्रंश असे शब्द वाची, आणि औषध फळीवर ठेवून देई.

पुरावा काही कमी नव्हता. 1993 मध्ये इस्राएलमधील डॉक्टरांनी दाखविले की, लघवीचा वारंवार होणारा संसर्ग योनिमार्गात इस्ट्रिऑलचे मलम लावणाऱ्या वयस्क स्त्रियांत वर्षाला सरासरी 0.5 वेळा झाला, तर नुसते बिनऔषधी मलम लावणाऱ्यांत 5.9 वेळा. 2018 साली, वर सांगितलेल्या अमेरिकन परीक्षेच्या जोडीने चाललेल्या निरीक्षण-पाहणीतील 45 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. योनिमार्गातील औषध वापरणाऱ्यांत कर्करोग वा हृदयविकार अधिक आढळला नाही. ब्रिटनने 2022 मध्ये, पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांना ही गोळी चिठ्ठीवाचून, औषध-विक्रेत्याशी बोलून, घेण्याची मुभा दिली. अमेरिकेने ती चौकट काढण्याचे नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. मधली बावीस वर्षे कुणाच्या खात्यावर घालावयाची? अर्थात, जिला स्तनांचा कर्करोग झालेला आहे तिने आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे औषध घ्यावे, आणि पाळी गेल्यावर रक्त दिसले तर आधी तपासणी करावी.

आपल्याकडे इस्ट्रिऑलचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. पण चिठ्ठी मिळण्यासाठी आधी कोणीतरी विचारले पाहिजे. 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीपायी खाडा पडू नये, उचल फिटावी, हे त्यामागचे एक कारण. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात अंगावर येतात. अंडाशय ठेवले तरी ते पुष्कळदा लवकर थकते. म्हणजे पस्तिशीची बाई पन्नाशीचे दुखणे घेऊन फडावर उभी. गर्भाशये मोजली गेली ते योग्यच झाले. पण शस्त्रक्रियेनंतर या बायकांचे अंथरुणावर काय होते, हे आमच्यासारख्या संघटनावाल्यांच्या मागणीपत्रकांतही कुठे आले नाही.

यंदा आमच्या आरोग्य-तपासणीच्या फॉर्मात रक्तदाब, साखर, डोळे यांच्या खाली एक रकाना वाढविला आहे. त्याला नाव काय द्यावे यावर दोन बैठका झाल्या. पुरुष कार्यकर्ते 'इतर' लिहा म्हणत होते. बायकांनी ते खोडून 'नवऱ्याजवळ जाताना दुखते का' असे लिहिले, आणि फॉर्म तसाच छापावयास गेला.