बुडालेल्या शहराचा पहारेकरी

मी उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. एकदा तास संपता संपता एका मुलाने ॲक्वामॅनचा विषय काढला. समुद्राखालच्या अटलांटिस शहराचे रक्षण करणारा हा महानायक मुलांना चित्रपटामुळे ठाऊक आहे. त्याने विचारले, "सर, वो शहर डूबा, तो उन लोगों का गुनाह क्या था?"

प्रश्न चित्रपटाचा नव्हता. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीला महापूर आला, तेव्हा या मुलाचे चिपळूणमधले घर पाण्याखाली गेले होते. हा गुन्ह्यांचा अजाब आहे, असे कुणा मोठ्या माणसाचे बोलणे त्याच्या कानावर पडले होते.

बुडालेल्यांना गुन्हेगार ठरवण्याची ही रीत जुनी आहे. अटलांटिसची कथा आपल्याला प्रथम भेटते ती प्लेटोच्या लेखनात, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात. हा प्लेटो म्हणजेच अरबांचा अफलातून. मराठीत आपण हे नाव 'झकास' या अर्थाने वापरतो. त्याच्या कथेतले अटलांटिस निरपराध नाही. सत्तेचा माज चढलेले ते राज्य अथेन्सवर चालून जाते आणि पुढे एका दिवसरात्रीत समुद्रात गडप होते. बहुतेक अभ्यासक या शहराला प्लेटोची कल्पना मानतात. 1882 मध्ये इग्नेशियस डॉनेली या अमेरिकन राजकारण्याने मात्र ते खरेच होते, असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि अटलांटिस अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

मग चित्रकथांचा काळ आला. 1939 मध्ये बिल एव्हरेट यांनी नेमोर हा नायक निर्माण केला. त्याची आई समुद्राखालच्या राजघराण्यातली, बाप अमेरिकन जहाजाचा कप्तान. त्या जहाजाने दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ फोडण्यासाठी स्फोट केले आणि खाली राहणारी माणसे मेली. म्हणजे इथे गुन्हा वरच्यांचा आहे. नेमोर सूड घ्यायला वर येतो.

1941 मध्ये मॉर्ट वाइझिंगर आणि पॉल नॉरिस यांनी ॲक्वामॅन आणला. 1959 मध्ये त्याची जन्मकथा बदलली: बाप दीपगृहाचा रखवालदार, आई अटलांटिसची. एक पाय जमिनीवर आणि एक पाण्यात असलेला हा मुलगा दोन्हीकडच्यांचा पहारेकरी झाला. 2022 च्या चित्रपटात तर नेमोरची प्रजा म्हणजे स्पॅनिश आक्रमक आणि देवीची साथ यांच्यापासून जीव वाचवून समुद्रात उतरलेले माया लोक आहेत.

सुमारे तेवीसशे वर्षांत कथा अशी उलटली. अफलातूनने विचारले, हे का बुडाले? चित्रकथाकारांनी विचारले, यांना कुणी बुडवले आणि आता यांना सांभाळणार कोण? माझ्या मते माणुसकीचा प्रश्न हा दुसरा आहे. माजलेल्या कौमांचे किस्से आपणही मुलांना सांगतो, ते सांगायलाच हवेत. पण ते स्वतःला तपासण्यासाठी आहेत, शेजाऱ्याच्या चिखल भरलेल्या घराकडे बोट दाखवण्यासाठी नव्हेत. आपल्या दीनमध्ये बुडून मरणाऱ्या मोमिनाला शहिदाचा दर्जा सांगितला आहे, हे अजाबाची भाषा करणारे विसरतात.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे वर्गात सांगितले. मग त्या मुलाला विचारले, "पाणी चढलं तेव्हा तुम्हाला बाहेर कुणी काढलं?"

तो म्हणाला, "बाजूवाले काका. ट्रक की ट्यूब लेके आये थे. पहले दादी को बिठाया."

"त्यांनी तुमचा गुन्हा विचारला का?"

वर्ग हसला. तोही हसला. मग मी हजेरीचा रजिस्टर उघडला.